रील, गाव आणि स्त्रीवाद: विदर्भातल्या पोरापोरींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तालुक्याच्या अभ्यासिकेतल्या चिठ्ठ्यांच्या डब्यातून आले, कॉलेजातल्या कार्यक्रमानंतर कोपऱ्यात गाठून विचारले गेले, आणि सगळ्यात जास्त रात्री दहानंतर, घरचे झोपल्यावर व्हॉट्सॲपवर आले. विचारणारे बहुतेक सोळा ते चोवीस वयाचे, वर्धा, यवतमाळ, अमरावती, बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. जिथं उत्तर दुसरीकडे आलं आहे तिथं त्या प्रश्नाचा नंबर दिला आहे. कायद्याची माहिती पहिली पावलं टाकण्यापुरती आहे. प्रकरण पुढे जाणार असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा. महिलांना तो उत्पन्नाची अट न लावता मिळतो.

१. स्त्रीवाद म्हणजे पुरुषांचा द्वेष, बरोबर ना? रीलमध्ये तर तेच दिसून रायलं.

नाही. बाई आहे म्हणून मजुरी, शिक्षण, जमीन, मोकळीक यांत कमी मिळू नये, एवढं त्याचं मूळ म्हणणं. तुझ्याच शिवारात बघ. दिवसभर वाकून निंदण करणाऱ्या बाईची मजुरी आणि त्याच वावरातल्या गड्याची मजुरी सारखी नसते. 'गड्याचं काम जड' हे कारण सगळ्यांना पाठ आहे. कमरेला ओटी बांधून उन्हात कापूस वेचणं हलकं आहे हे कोणी ठरवलं, ते मात्र कोणी विचारत नाही. समान कामाला समान मजुरीचा कायदा १९७६ सालीच झाला. हा हिशेब मागितला तर त्यात गड्याचा द्वेष कुठून आला?

रीलमध्ये द्वेषच दिसतो, कारण ज्या व्हिडिओखाली लोक भांडतात तोच ॲप आणखी चार जणांपुढे टाकतं. 'सगळे पुरुष सारखेच' म्हणणारी ताई आणि 'आजकालच्या पोरी' म्हणणारा दादा, दोघांचं दुकान एकमेकांच्या जिवावर चालतं. मजुरीवरची रील तुझ्यापर्यंत पोहोचतच नाही, कारण तिच्याखाली कोणी शिव्या घालत नाही.

२. हे पुण्या-मुंबईचं नाहीतर अमेरिकेचं खूळ आहे. आपल्या विदर्भात याचं काय काम?

ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली, पण तेवढ्यात वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून उलट विचारलं: जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? त्यावर एवढी आगपाखड झाली की जोतीराव फुल्यांना आपल्या 'सत्सार' या नियतकालिकात त्यांची बाजू मांडावी लागली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. आपल्याकडे पोरीनं एक पोस्ट टाकल्यावर तिचं अकाउंट कसं गप्प होतं, हे पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

नागपूरच्या १९४२ च्या दलित महिला परिषदेबद्दल प्रश्न ११ मध्ये आहे, देसाईगंजच्या मथुरा केसबद्दल खालच्याच प्रश्नात.

३. मथुरा केसवर एका मिनिटाची रील पाहिली, नीट समजली नाही. ती आपल्याकडचीच ना?

आपल्याकडचीच. देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं. मार्च १९७२ मध्ये तिथल्या पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती असावी, असा त्या निकालाचा सूर होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यात असलेल्या बाईनं 'माझी संमती नव्हती' असं कोर्टात सांगितलं, तर संमती नव्हती असं कोर्टानं गृहीत धरायचं, ही तरतूद तेव्हा आली.

त्याच दुरुस्तीतली दुसरी गोष्ट तुझ्या स्टोरीशी जोडलेली आहे. पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काही छापणं तेव्हापासून गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत ते कलम ७२ आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत. कुठं अत्याचार झाला की 'न्याय मिळालाच पाहिजे' म्हणून मुलीचा हसरा पासपोर्ट फोटो दोन तासांत सगळ्यांच्या स्टेटसला असतो. मुलगी जिवंत नसली तरी हे चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं आहे. हेतू चांगला होता हे उत्तर पुरत नाही. गावाचं नाव, शाळेचं नाव, वडिलांचं आडनाव, यातलं काहीही टाकू नका.

४. घरात फोन एकच, तोही दादाचा. मी कशी काय 'व्यक्त' होणार?

तू एकटी नाहीस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या ग्रामीण बायका देशात २४.६ टक्के निघाल्या आणि ग्रामीण पुरुष ४८.७ टक्के. म्हणजे 'आवाज उठवा' म्हणणारी रील तेव्हा गावाकडच्या निम्म्याहून अधिक बायकांपर्यंत पोहोचतच नव्हती. बाकी राहिलेल्यांतल्या कितीतरी जणी दादाच्या फोनवर दुसरं अकाउंट उघडतात, नोटिफिकेशन बंद ठेवतात, वापरून झालं की लॉगआउट करतात आणि हिस्टरी पुसतात. दादाला संशय येऊ नये म्हणून चार्जिंगचे टक्केसुद्धा लक्षात ठेवतात.

माझं मत विचारशील तर पोस्ट टाकण्याआधी फोनची वेळ मागणं हे काम मोठं आहे. 'स्कॉलरशिपचा फॉर्म, एमपीएससीचे पेपर, कॉलेजचा ग्रुप, यासाठी रोज एक तास फोन माझ्याकडे' असं आईला साक्षीला ठेवून ठरवून घे. नुसता 'मलाही फोन पाहिजे' हा विषय घरात टिकत नाही, फॉर्मची शेवटची तारीख टिकते.

एक सावधगिरी. मित्रानं घेऊन दिलेला फोन आणि त्याच्या नावावरचं सिम लय पोरी वापरतात, कारण घरून मिळत नाही. भांडण झालं की तोच सिम बंद करतो आणि त्याच नंबरवर ओटीपी मागवून तुझी सगळी खाती उघडू शकतो. सिम आईच्या आधारवर घे, पण त्याच्या नावावर नको.

५. मी प्रोफाइलला माझा फोटो नाही, फूल ठेवते. मैत्रीण म्हणते हा डरपोकपणा आहे.

मैत्रिणीला म्हण, फूल तुझं नाही, तू कशाला चिंता करतेस. फोटो ठेवणं, न ठेवणं दोन्ही तुझ्या सोयीचं आहे. त्या पोरीच्या घरी काय चालतं आणि तुझ्या घरी काय, हे एक नाही.

६. पाळीवर साधी स्टोरी टाकली. मामानं स्क्रीनशॉट काढून बाबांना पाठवला. आता घरात कोणी धड बोलत नाही.

शहरातल्या मुलीचे फॉलोअर आणि तिच्या गल्लीतले लोक वेगळे असतात. तुझ्या यादीत मामा, मावसभाऊ, बारावीचे सर, आटाचक्कीवाला दादा आणि जिथं सोयरीक जुळू शकते ते घर, सगळे एकाच पंगतीत बसलेले आहेत. तिनं जे सहज लिहिलं ते लिहायला तुला जास्त किंमत पडते. स्टोरी सगळ्यांना दाखवायची नसेल तर 'क्लोज फ्रेंड्स'ची यादी कर, किंवा नावं निवडून लपव. स्क्रीनशॉट मात्र कोणत्याच सेटिंगनं थांबत नाही, हे धरून चाल.

घरातला अबोला मोडायला मामाशी वाद घालू नकोस, आशाताईला बोलाव. एका घरी मी हे पाहिलं आहे. ताई रजिस्टर घेऊन ओट्यावर बसली, पोरीच्या वडिलांसमोरच तिच्या आईला तारखा विचारल्या, पॅड कुठं टाकता ते विचारलं, लोहाच्या गोळ्या मोजून दिल्या आणि चहा पिऊन गेली. वडील उठून गेले नाहीत, मान खाली घालून सुपारी कातरत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तालुक्याहून पॅड आणले, काळ्या पिशवीत का होईना.

७. कुर्माघरावर रील केली, चांगल्या हेतूनं. तर तिकडच्याच मुली माझ्यावर चिडल्या. काऊन?

गडचिरोलीतल्या माडिया आणि गोंड वस्त्यांत पाळीच्या दिवसांत बायकांनी ज्या वेगळ्या झोपडीत राहायचं, ते कुर्माघर. गळकं छप्पर, दार नाही, साप-विंचवाची भीती, त्रास खराच आहे. पण 'बघा हे मागास लोक' अशा सुरात बाहेरच्यानं कॅमेरा फिरवला की तिथल्या पोरीला स्वतःच्या आईची टिंगल ऐकू येते. शिवाय त्यांच्यातच दोन मतं आहेत. कुणाला प्रथाच बंद हवी आहे. कुणी म्हणतं, आधी पक्की भिंत, संडास, पाणी आणि दिवा द्या, प्रथेचं आम्ही बघू. काही गावांत तशी नीट घरं बांधलीही गेली, आणि त्यावरही टीका झाली की यानं प्रथा पक्की होते. मला स्वतःला ती टीका पटते, पण पावसाळ्यात तिथं झोपायची पाळी माझ्यावर येत नाही. पुढच्या वेळी रील करायची तर बोलणारी त्यांच्यातली असू दे, आणि टाकण्याआधी तिला दाखव.

८. कमेंटमध्ये घाण शिव्या येतात. उत्तर द्यावं का?

अनोळखी असेल तर ब्लॉक कर आणि विसर. ओळखीचा असेल तर आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. 'लय शायनी झाली का, बापाले सांगू का?' ही नुसती कमेंट वाटते, पण लिहिणाऱ्याला तुझा बाप माहीत असेल तर ती धमकी आहे. तशी वाग. जातीवरून जाहीर अपमान केला असेल तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदाही लागू होऊ शकतो. चार ओळींचं शहाणपणाचं उत्तर लिहायचंच असेल तर ते वाचणाऱ्या इतर पोरींसाठी लिही. शिवी देणाऱ्याचं मत बदलेल या आशेवर रात्र घालवू नको.

९. फोटो एडिट करून गावाच्या ग्रुपवर फिरवला आहे. आत्ता, या क्षणी काय करू?

सगळ्यात आधी घरातल्या एका माणसाला सांग. आई, काकू, वहिनी, कोणीही. गप्प राहिलीस तर त्याचंच फावतं. मग पुरावा: पोस्टचा आणि प्रोफाइलचा स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असा, आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेव, कारण आयडीचं नाव तो मिनिटात बदलतो. व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर पाठवणाऱ्याचा नंबर दिसतो, तो टिपून घे. चॅट पुसू नको, फोन रीसेट करू नको. काकानं रागाच्या भरात फोन आपटला आणि पुरावा गेला, असंही होतं. फोन आधी सुरक्षित ठेव.

नंतर ॲपवर रिपोर्ट कर. नग्न किंवा खाजगी फोटो, एडिट केलेला असला तरी, तक्रारीनंतर काढायला २०२१ च्या नियमांत कंपनीला २४ तासांची मुदत होती, २०२६ मध्ये ती दोन तासांवर आणली. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथं तक्रार टाक. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर, १८१ महिलांचा, १०९८ अठराच्या आतल्यांसाठी. संमतीशिवाय फिरवलेले खाजगी फोटो रोखणाऱ्या 'स्टॉप एनसीआयआय' या साइटवर फोटो अपलोड करावा लागत नाही. फोटोचा ठसा तुझ्याच फोनमध्ये तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांकडे जातो. अठराच्या आत असशील तर त्यासाठी 'टेक इट डाउन' आहे. व्हॉट्सॲपवर एकानं दुसऱ्याला खाजगीत पाठवलेलं मात्र यानं थांबत नाही. तिथं पोलिसच.

पैसे किंवा 'अजून एक फोटो' मागत असेल तर देऊ नको. एकदा दिल्यावर मागणी थांबलेली मी पाहिलेली नाही.

१०. ठाण्यात गेलो तर म्हणतात, 'इन्स्टा कशाला चालवते? घरी समजवा पोरीले.' तक्रारच घेत नाहीत.

तोंडी बोलत बसू नका, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का मागा. हद्दीचं कारण सांगितलं तर 'झिरो एफआयआर' हा शब्द वापरा. गुन्हा कुठंही घडला असला तरी कोणतंही ठाणं तो नोंदवतं. पाठलाग, चोरून फोटो काढणं, लैंगिक छळ अशा गुन्ह्यांत तक्रार महिला पोलिसानं नोंदवायची असते. तरीही टाळाटाळ झाली तर तीच तक्रार पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि पोस्टाची पावती जपा. कलमं तुम्ही पाठ करायची गरज नाही, पण खाजगी चित्र पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई आणि ६७ मध्ये, ऑनलाइन पाठलाग न्याय संहितेच्या ७८ मध्ये येतो, एवढं अर्जात लिहिलं की समोरच्याचा सूर बदलतो.

११. इन्स्टावरच्या स्त्रीवादात आमची माय कुठंच दिसत नाही. आम्ही वस्तीतले.

दिसत नाही हे खरं. तिथली बाई ऑफिसात प्रमोशनसाठी भांडते, तुझी माय दुसऱ्याच्या वावरात. पण तुमच्या आज्या-पणज्या यात मागून आलेल्या नाहीत. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका जमल्या. घटस्फोटाचा हक्क हवा, एका नवऱ्याला दोन बायका नकोत, कामगार बायकांना सवलती हव्यात, असे ठराव त्यांनी केले. डॉ. आंबेडकरांनी तिथं बायकांना सांगितलं की लग्नाची घाई करू नका, आणि केलंत तर नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हा. हिंदू कोड बिलाच्या कितीतरी वर्षं आधीची ही गोष्ट. तुझ्या पणजीला कोणी तिथं नेलं होतं का, घरी विचार. उत्तर 'हो' आलं तर ते रेकॉर्ड करून ठेव. अशी रील मी तरी अजून पाहिलेली नाही.

१२. मी मुलगा आहे. समानता म्हणता, मग पोरी सरकारी नोकरीवालाच काऊन मागतात? शेतकरी पोरानं काय करायचं?

पोरांकडून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि त्यामागचं दुखणं खोटं नाही. पाच एकर कोरडवाहू, बी.ए. झालेलं, तिशी उलटलेली, बायोडाटा फिरून फिरून मळलेला. त्यात रीलवाला सांगतो, 'हे सगळं फेमिनिझममुळे.'

जरा थांबून बघ. सरकारी नोकरी मागणारा बहुतेक वेळा मुलीचा बाप असतो. मुलगीही मागत असेल तर तिनं आईला पाहिलेलं आहे: दुबार पेरणी, सावकार, सोसायटीचं कर्ज. यवतमाळकडं ज्या घरातला कर्ता गेला, त्या घरातली बाई फेरफारासाठी तलाठ्याकडं किती चकरा मारते हे गावातली प्रत्येक पोर पाहते. वावरात राबायला बाई लागते, सातबाऱ्यावर लागत नाही. अशा सौद्याला ती 'हो' का म्हणेल?

शेतकरी संघटनेनं १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर 'लक्ष्मीमुक्ती' चालवली. शरद जोशींच्या सांगण्यावरून शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली, विदर्भातल्याही. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ पासून आहे. आता तूच सांग, तुझ्या घरी बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतलं का? घेतलं असेल तर दुसऱ्याच्या बहिणीनं तुझ्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? बायोडाट्यात एक ओळ वाढव: 'लग्नानंतर सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावीन.' मित्र हसतील. ज्या घरी तो कागद जाईल तिथली मुलगी तो दोनदा वाचेल.

१३. लाडकी बहीण, अर्धं तिकीट, फुकट शिक्षण. पुरुषांवर अन्याय नाही का हा?

२०२३ मध्ये एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, २०२४ मध्ये दरमहा १,५०० रुपयांची योजना आली. या सरकारी योजना आहेत, त्यांवर टीका जरूर कर. त्यांना स्त्रीवाद समजू नको, एवढंच. अर्ध्या तिकिटाचा उपयोग बस येत असेल तर. संध्याकाळची शेवटची गाडी रद्द झाली म्हणून कॉलेज सुटलेल्या पोरी किती आहेत ते तुझ्याच गावात मोज. बाकी प्रश्न १२.

१४. बायका ४९८-अ च्या खोट्या केसेस टाकतात, रोज रील येते. यावर तुम्ही गप्प का?

गप्प नाही. ४९८-अ म्हणजे नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाविरुद्धचं कलम. काही तक्रारी खोट्या असतात. सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच बजावलं. हे कलम आता न्याय संहितेत ८५ आहे. पण खोट्या केसची रील होते. मार खाऊन माहेरी आलेली आणि 'नांदायला जा' म्हणून परत पाठवलेली, तिची रील होत नाही.

१५. क्लासचे सर त्रास देतात. मीटूसारखं त्यांचं नाव टाकू का?

अठराच्या आत असशील तर आधी १०९८ किंवा विश्वासातली मोठी व्यक्ती. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा लागतो, आणि पोस्टमुळे तुझीच ओळख उघड होते (प्रश्न ३). कॉलेजात असशील तर अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे. काम करतेस आणि तिथं दहापेक्षा कमी माणसं आहेत, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. नाव टाकल्यावर मानहानीचा खटला होऊ शकतो. २०१८ च्या मीटूमधल्या अशा एका गाजलेल्या खटल्यात पत्रकार प्रिया रमाणी २०२१ मध्ये निर्दोष सुटल्या, पण तोवर त्यांना वर्षानुवर्षं कोर्टात उभं राहावं लागलं. सगळे दरवाजे बंद झाल्यावर नाव टाकणाऱ्या मुलीला मी चूक म्हणणार नाही. फक्त एकटीनं टाकू नको. तुझ्यासारख्या अजून कोण आहेत ते आधी शोध, असतातच.

१६. साखरपुडा झाला. होणारा नवरा म्हणतो अकाउंट बंद कर, पासवर्ड दे.

पासवर्ड देऊ नको, त्यालाही मागू नको. अकाउंट बंद करायची वेळ आलीच तर 'डिलीट' दाबू नको, 'डिॲक्टिव्हेट' कर. डिलीट केलेलं इन्स्टा खातं ३० दिवसांनंतर परत येत नाही. त्याआधी तुझे फोटो आणि माहिती डाउनलोड करून ईमेलवर ठेव, ज्याचा पासवर्ड फक्त तुला माहीत आहे.

आणि लग्नाआधी त्याच्याशी एकदा समोरासमोर बोल, दोघांच्या आया बसलेल्या असताना. 'अकाउंट का बंद करायचं?' एवढंच विचार आणि तो काय सांगतो ते पूर्ण ऐक. तारीख पुढे ढकलता येते, हॉलचा ॲडव्हान्स बुडाला तरी.